रिकामी मोजलेली गाडी

याकूबभाई गेल्याची बातमी मला कोणी दिली नाही. ती मीच बाकीच्यांना दिली. दुपारचे साडेतीन-चार वाजले असतील. हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये माझी लाल गाडी मागचं दार उघडं टाकून तशीच उभी होती, वॉचमन ती हलवा म्हणून मागे लागला होता आणि मी परवीनला, त्यांच्या मुलीला, फोन लावत होतो. परवीन उर्दू शाळेत शिकवते. ती वर्गात होती. दोनदा तिने फोन कट केला, तिसऱ्यांदा हळू आवाजात म्हणाली, "सर, पाच मिनिटांत करते." मी बरं म्हणालो. ती पाच मिनिटं मी तिला मिळू दिली, एवढंच त्या दिवशी माझ्या हातून चांगलं झालं असेल. नंतर घरी, मोहल्ल्यात, दफनाच्या वेळी, जो तो माझा हात हातात घेऊन तेच म्हणत होता, सर, तुम्ही होतात म्हणून बरं, शेवटी आपलं माणूस तरी जवळ होतं. मी मान हलवत होतो. मान हलवायला काही लागत नाही... पण याकूबभाईंना हॉस्पिटलात पोहोचायला उशीर झाला तो माझ्या गाडीमुळे, आणि गाडी तशी होती ती माझ्या हट्टामुळे. हे माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरी ते सांगायचं की गप्प बसायचं, या एका प्रश्नात माझे पुढचे चाळीस दिवस गेले. परवीनला विचारूनच आज हे लिहितो आहे.

याकूबभाई स्प्रिंगवाले. सोलापुरात विजापूर वेशीकडून आत वळलं की उजव्या हाताला त्यांचं दुकान. वडील ट्रकच्या कमानीचे पाटे, जुन्या पद्धतीच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ठोकायचे, याकूबभाईही त्यातच वाढले आणि पुढे कारच्या स्प्रिंगांकडे वळले. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. आमची ओळख झाली ती माझ्या पहिल्या गाडीची मागची स्प्रिंग तुटली तेव्हा, म्हणजे तीस वर्षं तरी झाली. मास्तरकीची खोड म्हणून मी दुकानात पाऊल ठेवल्या ठेवल्या त्यांना स्प्रिंगचा नियम समजावून दिला. किती भाराला ती किती दबते, दुप्पट भार आला की किती. त्यांनी हातातला पाना खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय सर. आता घरच्यांना घेऊन या."

"त्यांना कशाला?"

"भार म्हनताय न्हवं? तो बघायचाय मला."

ही त्यांची पद्धत होती आणि सबंध सोलापुरात ती दुसऱ्या कोणाची असेल असं मला वाटत नाही. गाडी रिकामी मोजायची नाही. स्प्रिंग बदलायला आलेल्या माणसाला ते आधी परत पाठवायचे आणि जी माणसं त्या गाडीतून खरोखर फिरतात ती घेऊन यायला सांगायचे. मग एकेकाला त्याच्या नेहमीच्या जागेवर बसवायचं, मुलं मांडीवर बसत असतील तर मांडीवर, डबे-पिशव्या पायाशी. सगळे नीट बसले की चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी टेप लावायचा आणि आकडे खडूने भिंतीवर लिहायचे. त्यावरून ते ठरवायचे, कोणती स्प्रिंग घालायची आणि गाडी किती उंच ठेवायची. लोक वैतागायचे. एकदा अक्कलकोटकडचा शेळ्यांचा एक व्यापारी आला. त्याच्याशी ते कानडीत बोलले. दुसऱ्या दिवशी तो चार बोकडं गाडीत घालून हजर. त्यातलं एक बोकड काही केल्या आत थांबेना, तेव्हा याकूबभाईंनी माझ्याकडे अंदाज घेणाऱ्या नजरेने पाहिलं आणि मला मागे बसवलं. त्या गाडीच्या स्प्रिंगा आजही तीन बोकडं आणि एक प्राध्यापक यांच्या वजनावर ठरलेल्या आहेत, आणि ही गोष्ट त्यांनी माझ्या विद्यार्थ्यांसकट भेटेल त्याला सांगितली. पण याच भिंतीसमोर मी त्यांना एकदा गप्प झालेलंही पाहिलंय. जुळे सोलापूर भागातलं एक कुटुंब वर्षभराने पुन्हा आलं होतं. सगळे बसले, टेप लागला, आणि मागची डावी बाजू भिंतीवरच्या आकड्यापेक्षा वर निघाली. याकूबभाई त्या आकड्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी विचारलं, "मोठे काका कुटं हायत?" ते गेलेले होते. कोणी बोललं नव्हतं, पण गाडीने सांगितलं होतं.

आता माझ्याकडे येतो. निवृत्त झालो आणि आयुष्यभराची एक हौस होती ती मी पुरवायला घेतली. पुण्याच्या एका माणसाकडून जुनी स्पोर्ट गाडी आणली. लाल रंग, रुंद टायर, दोन्ही बाजूंनी माणसाला कवेत घेणाऱ्या पुढच्या सीट. मोबाइलवर अशा गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून मला पटलं होतं की ती अजून खाली बसायला हवी. बायकोने एकदा आत बसून बघितलं आणि म्हणाली, एवढं खाली बसायचं तर घरात पाट आहेत. त्यानंतर ती त्या गाडीकडे फिरकली नाही. मुलगी परगावी. तर मी एकटाच गाडी घेऊन याकूबभाईंकडे गेलो. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं जागा होती. मला ती एका बोटावर आणायची होती.

"दीड बोट खाली घेऊ," ते म्हणाले. "वळनाला गाडी मस्त बसती. त्याच्या खाली नको."

मी म्हणालो, तीन बोटं. त्यांनी फळीवर बसवून मला समजावलं, आणि तीस वर्षं हेच शिकवणाऱ्या माणसाला समजावताना त्यांच्या आवाजात जराही चेष्टा नव्हती. उंची कमी केली की स्प्रिंगला दबायला जागा कमी उरते, मग ती कडक घ्यावी लागते. कडक घेतली की खड्डा पाठीला कळतो. आणि मागे माणूसच नसेल तर कडक स्प्रिंग गाडीची शेपटी उडवते, तिथे मऊच घ्यावी लागते. पण मऊ घेतली आणि एखाद्या दिवशी मागे कोणी बसलं, तर गाडी पोटावर बसणार. "म्हनून विचारतो, मागं कोन बसनार?"

"कोणी नाही."

"कोन तरी बसतंय की सर, कवा तरी."

मी चिडलो. निवृत्तीनंतर माणूस लवकर चिडतो, कोणी आपलं ऐकत नाही असं त्याला वाटायला लागतं. मी म्हणालो, "याकूबभाई, तुमचं डोकं अजून ट्रकच्या पाट्यातच आहे. ही स्पोर्ट गाडी आहे." दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. याकूबभाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. टेप उचलला आणि गाडी मोजायला घेतली, रिकामी. त्यांनी आयुष्यात रिकामी मोजलेली ती एकच गाडी असावी. आकडे त्यांनी लिहिलेसुद्धा नाहीत. काम मात्र हयगयीने केलं नाही. पुढच्या स्प्रिंगांसाठी दोनदा माल परत पाठवला, मागच्या मऊ स्प्रिंगांची जोडी शोधायला आठवडा घालवला. गाडी तयार झाल्यावर आम्ही अक्कलकोट रस्त्याला गेलो. रस्ता नवा, मोकळा. वळणावर गाडी अशी जराही कलेना की मला शाळकरी पोरासारखं हसू फुटलं. मी म्हणालो, "बघा." ते म्हणाले, "चांगली झाली. तुमच्या एकट्याला लई चांगली झाली." तेव्हा मला ती शाबासकी वाटली. शब्द फिरवून माझ्या अपमानाची परतफेड करायचा त्यांचा स्वभाव नव्हता, त्यांनी फक्त खरं ते सांगितलं होतं.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी वैरागला जायचं निघालं. भाभींचं, म्हणजे याकूबभाईंच्या बायकोचं, ते माहेर. भाभींच्या भावाने जुनी गाडी घेतली होती आणि ती मागून बसत होती. याकूबभाईंची व्हॅन दुसरीकडे गेलेली, म्हणून मी म्हणालो, माझ्या गाडीने जाऊ. जाताना ते पुढे, माझ्या शेजारी बसले होते. गाडी दोन-तीन ठिकाणी खाली घासली, पण हळू घेतली की निघत होती. वैरागला त्यांनी मेव्हण्याच्या घरातल्या एकूण एक माणसाला गाडीत बसवलं, सासूबाईंना धरून आणून खिडकीशी बसवलं, टेप लावला, आकडे खडूने जिन्याखाली लिहिले. जेवलो. निघालो. अर्ध्याच्या जरा पुढे आल्यावर ते छातीवर हात फिरवायला लागले. गॅस झालाय म्हणाले. एका टपरीवर सोडा घेतला, तो त्यांना गेला नाही. मी बघितलं तर शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. आडवं व्हायचंय म्हणाले. माझ्या गाडीची पुढची सीट मागे पडत नाही, तशी तिची घडणच नाही. मी त्यांना मागे निजवलं. ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, पाऊण तास तरी लागेल म्हणाले. पाऊण तास टपरीवर बसून काढण्यापेक्षा मी गाडी सुरू केली.

त्या रस्त्याचं एक आहे. गावात अपघात झाला, कोणाचं पोर गेलं, की गावकरी कोणाची वाट बघत नाहीत. दुसऱ्या दिवशी मुरूम आणि सिमेंट आणून रस्त्यावर स्वतःच गतिरोधक घालतात, गुडघ्याएवढा. त्यांना नावं ठेवायला माझं तोंड नाही, त्यांनी आपली पोरं वाचवायला ते घातलेत. पण मागे एक माणूस आडवा, मागच्या स्प्रिंगा मऊ, उंची एका बोटाची... गाडी पोटावर बसली होती. प्रत्येक गतिरोधकाला थांबायचं, बैलगाडीच्या चालीने चढायचं, खाली पत्रा किंचाळायचा, उतरायचं आणि जरा वेग घेतला की पुढचा यायचा. एका ठिकाणी ती मधोमध अडकली, चाकं फिरेनात, हॉटेलातल्या माणसांनी धावत येऊन ती ढकलली. दुसरी कुठलीही गाडी, मेव्हण्याची ती खटारासुद्धा, हा रस्ता निम्म्या वेळात कापती. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आणण्यापूर्वीच गेलेत. मी विचारलं, लवकर आणलं असतं तर? ते म्हणाले, झटका मोठा होता, सांगता येत नाही. ते चांगुलपणाने म्हणाले असतील. पण मी जन्मभर उत्तर काढायला शिकवलेला माणूस, आणि माझ्या हातात पडलं ते हे, सांगता येत नाही. ते घेऊन मी रोज सकाळी उठून बसत होतो.

चाळिसावा झाला. दोन दिवसांनी, सकाळी, मी गेलो. घर दुकानाच्याच मागे आहे. इतकी वर्षं मी आलो की भाभी स्वतः चहा घेऊन यायच्या आणि उभ्या उभ्या माझ्या रक्तातल्या साखरेची चौकशी करायच्या. आता त्यांचे इद्दतीचे, नवरा गेल्यानंतर पाळायचे दिवस, बाहेरच्या पुरुषासमोर यायचं नाही. आतल्या खोलीच्या दाराला पडदा, पडद्याच्या आत भाभी, बाहेर मी आणि परवीन. परवीनने चहा ठेवला. मी तो घेतला नाही आणि सांगायला सुरुवात केली. दीड बोट आणि तीन बोटं, ट्रकचं डोकं, मऊ स्प्रिंगा, मागच्या सीटचं, पोटावर बसलेल्या गाडीचं. मी मिनिटांची तयारी करून गेलो होतो. कुठे किती वेळ गेला असेल ते घरी कागदावर मांडून, पाठ करून गेलो होतो. शिव्या दिल्या तर ऐकायच्या, जा म्हणाल्या तर उठायचं, असं ठरवलं होतं. माझं बोलणं संपलं. परवीन जमिनीकडे बघत होती. मग आतून भाभी म्हणाल्या, "गाडीत बोलत हुते का?"

"हो. बोलत होते."

"काय म्हनत हुते?"

मिनिटांबद्दल त्यांनी विचारलंच नाही. मी पाठ केलेलं सगळं जागच्या जागी निरुपयोगी झालं, आणि त्या गाडीने खरं काय घेतलं ते मला तेव्हा, त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. मी म्हणालो, "भाभी, गाडी कशी काढायची ते सांगत होते." हेच खरं होतं. मागे आडवे पडून, ब्रेक लागला की त्यांना समजायचं आणि ते सांगायचे. जवळजवळ तासभर एक माणूस मरत होता आणि त्याचा उरलेला सगळा श्वास माझी गाडी उंचवट्यावरून काढण्यात गेला. दुसरं काही बोलायला मी त्यांना सवडच ठेवली नव्हती. हे मी सांगितलं, आणि मला रडू आलं. परवीन उठली नाही.

"सांगा की मग," भाभी म्हणाल्या. "दुखाय लागल्यापासनं सांगा. कुटल्या बंपरला काय म्हनले ते."

मी सांगायला लागलो. टपरीनंतरच्या पहिल्याला म्हणाले, सर, तिरकी घ्या, एकेक चाक चढवा. विहिरीजवळच्या दुसऱ्याला, डावं आदी, आता उजवं, आता सोडा. हॉटेलासमोर गाडी अडकली तिथे म्हणाले, तुमी उतरा सर, तुमी जड हाय. आत काहीतरी हललं, भाभी हसल्या असाव्यात किंवा नसतीलही. दोन पाठोपाठ येतात तिथे म्हणाले, घाई नको, पत्रा फाटंल. वळणावरच्याला नुसतं, हळू. मग मी शहराच्या अलीकडच्या गोदामापाशी आलो.

"त्याच्या आदी एक हाय," भाभी म्हणाल्या. "शाळंम्होरं. माज्या म्हायेरचा रस्ता हाय त्यो, मला म्हाईत हाय. तितं काय म्हनले?"

शाळेसमोरचा मी गाळला होता. विसरलो नव्हतो, मुद्दाम गाळला होता. तिथे याकूबभाई गाडीबद्दल काही बोलले नव्हते. शाळा सुटत होती, पोरं रस्ता ओलांडत होती, म्हणून गाडी जरा जास्त थांबली, आणि तेवढ्या वेळात ते घरच्या बोलीत म्हणाले होते, "...कू बोलू नक्को सर, गाडी के वजे से देर हुई करके." गाडीमुळे उशीर झाला हे तिला सांगू नका, असं. ते सांगितलं असतं तर माफी मागायला जाऊन मिळालेली माफीच खिशातून काढून दाखवल्यासारखं झालं असतं, म्हणून मी गप्प होतो. पण आता भाभींनी विचारलं होतं. मी ते वाक्य सांगितलं, फक्त पहिला शब्द गाळून. परवीनने मान वर केली.

"नाव घेतलं?" भाभी म्हणाल्या.

"हो."

"माजं?"

"हो, तुमचं."

तीस वर्षांत याकूबभाईंनी माझ्यासमोर त्यांचा उल्लेख केला तो 'परवीन की अम्मी' असाच. परवीन मला नंतर म्हणाली, घरातसुद्धा तेच. त्या दिवशी शाळेसमोर, इंजिन चालू असताना, भाभींना एक नाव आहे हे मला पहिल्यांदा कळलं, आणि ते ज्या एका वाक्यात आलं ते भाभींपर्यंत पोहोचू द्यायचं नव्हतं.

"कसं घेतलं? अर्दं का पुरं?"

पुरं, मी म्हणालो, आणि त्यांनी घेतलं होतं तसं ते उच्चारून दाखवलं. इथे ते लिहीत नाही. परवीनने माझ्यासमोरचा गार चहा उचलला आणि तो हातात धरून तिथेच उभी राहिली. मी उठावं का, असं माझ्या मनात येत होतं...

"पुडचा कुटला?" भाभी म्हणाल्या.

पुढे अजून चार होते, गोदामाचा धरून. त्या चारांवर याकूबभाई काही बोलले नव्हते, तरी मी ते एकेक करून सांगितले.